आत किती माणसं आहेत? छोट्या कारखान्यात सुटकेची तयारी करताना

एमआयडीसीतल्या साठ-सत्तर माणसांच्या कारखान्यात तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात. स्टोअर, एचआर किंवा मेंटेनन्स सांभाळत असताना एक दिवस साहेब म्हणाले, "सेफ्टीचं पण तुम्हीच बघा," आणि एक फाइल हातात आली. फाइलमध्ये एक नकाशा आहे, जुन्या मॉक ड्रिलचे फोटो आहेत, आगीचे सिलिंडर भरल्याच्या पावत्या आहेत. मोठ्या कंपनीत या कामाला स्वतंत्र माणूस असतो. छोट्या युनिटमध्ये ते असंच कुणाच्या तरी गळ्यात पडतं. माझ्याही असंच पडलं होतं, त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

आधी माझं पहिलं ड्रिल सांगते. हूटर वाजला, सगळे गेटजवळच्या झाडाखाली जमले, मी मस्टर घेऊन नावं पुकारली. ६४ पैकी ६४ हजर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. हूटर बंद करायला मी आत गेले तर पोटमाळ्यावरून सेलोटेप ओढल्याचा आवाज आला. वर दोन बायका खोकी भरत बसल्या होत्या. कंत्राटदाराने त्या दिवशी सकाळीच आणलेल्या. खाली कॉम्प्रेसर चालू असल्याने त्यांना हूटर ऐकूच आला नव्हता. मस्टरवर त्यांची नावं नव्हती, आणि मलाही ती माहीत नव्हती. आग खरी असती तर मी अग्निशमन दलाच्या जवानांना छातीठोकपणे सांगितलं असतं, "साहेब, सगळे बाहेर आलेत."

७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे एका कारखान्याला आग लागली. त्यात गेलेल्यांमध्ये बहुतेक बायका होत्या, आणि मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. तेव्हापासून या कामात मी एकच प्रश्न सगळ्यांत वर ठेवते: या क्षणी आत किती माणसं आहेत, आणि ती कुठे आहेत? नकाशा, बाण, सिलिंडर हे सगळं त्यानंतर.

माणसांची मोजणी

एक आठवडा फक्त हेच करा. वेगवेगळ्या वेळी, अचानक, कारखाना पायी फिरून माणसं मोजा आणि आकडा मस्टरशी ताडून बघा. तो जुळणार नाही. कोण सुटतं याची यादी माझ्या अनुभवातून देते: कंत्राटी हेल्पर, हाउसकीपिंगच्या मावशी, कँटीनचा मुलगा, माल उतरवायला आलेला ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर, एसी किंवा मशीन दुरुस्तीला आलेला बाहेरचा माणूस, ऑडिटला आलेले पाहुणे. क्लीनर बऱ्याचदा ट्रकच्या केबिनमध्ये झोपलेला असतो, तेही बघा. उलटही घडतं: अंगठा लावून माणूस बँकेत गेलेला असतो, आणि त्याला शोधायला कुणीतरी आगीत परत शिरण्याचा धोका तयार होतो.

अंगठ्याच्या मशीनवर भिस्त ठेवू नका. त्याची यादी संगणकात असते, संगणक आत असतो आणि वीज गेलेली असते. आम्ही शेवटी अगदी साधी पद्धत बसवली. गेटच्या केबिनबाहेर एक फळा आहे. शिफ्ट सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत प्रत्येक सुपरवायझर आपल्या विभागातली हजर माणसं मोजतो, कायम आणि कंत्राटी दोन्ही, आणि आकडा वॉचमनला सांगतो. कंत्राटदाराचा माणूस नावांची चिठ्ठी दिल्याशिवाय गेटच्या आत येत नाही. पाहुण्याला नंबरचा बिल्ला मिळतो आणि जाताना तो परत घेतला जातो. मधेच कुणी बाहेर गेलं तर फळ्यावरचा आकडा बदलतो. ही सवय लागायला आम्हाला चार महिने लागले, रोज आठवण करून द्यावी लागली. पण गेटवरचा माणूस आता कुठल्याही क्षणी आकडा सांगू शकतो.

मोजताना आणखी एक बघा: कुणाला मदत लागेल? गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, सातवा महिना लागलेली ताई, प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षं काम करून ऐकू कमी येणारे जुने ऑपरेटर. त्यांच्यासाठी काय करायचं हे तुम्ही परस्पर ठरवू नका, त्यांच्याशी शांतपणे बसून बोला. आमच्याकडच्या एका दादांनी स्वतःच सांगितलं, "मला उचलू नका, फक्त जिन्यात माझ्या पुढे एकजण राहू द्या, मी त्याच्या खांद्याला धरून उतरतो." मग त्यांची जोडी ठरली. ज्याच्यावर ही जबाबदारी आहे तो रजेवर असेल त्या दिवशी कोण, तेही तेव्हाच ठरवून टाका.

दारांची फेरी

आता नकाशा घ्या, पण टेबलावर उघडू नका. तो हातात धरून प्रत्येक मशीनपासून बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत स्वतः चाला. प्रत्येक जागेवरून दोन वेगवेगळ्या दिशांना निघता आलं पाहिजे, कारण आग पहिल्या वाटेवरच लागली असेल तर दुसरी हवी. चालताना नोंदी करत जा.

दार कामाच्या वेळेत कुलूपबंद आहे का? मागच्या दाराला कुलूप हा आपल्याकडचा सगळ्यांत जुना रोग आहे. कारण विचारलं तर "माल चोरीला जातो" हे उत्तर येतं, आणि ती अडचण खरी असते. म्हणून नुसतं "कुलूप काढा" म्हणून चालत नाही, पर्याय द्यावा लागतो. आतून आडवी दांडी ढकलली की उघडणारं, बाहेरून न उघडणारं दार बसवता येतं. उघडलं की बेल वाजेल अशी सोय त्याला करता येते. आमच्या मालकांना हे पटवायला मी त्या कुलपाची किल्ली शोधून दाखवायला सांगितली. ती सापडायला वीस मिनिटं लागली, मग आठवड्यात दार बदललं.

रोलिंग शटर असेल तर वीज गेल्यावर ते उघडतं का, हे खरोखर मेन बंद करून बघा. साखळीने हाताने ओढायची सोय असेल तर ती गंजलेली नाही ना, हेही पाहा. शटरला किंवा मोठ्या गेटला दिंडी दरवाजा असणं फार उपयोगाचं असतं. ऑफिसच्या भागात कार्ड लावून उघडणारी काचेची दारं असतील तर फायर अलार्म वाजताच आणि वीज जाताच ती आपोआप सुटली पाहिजेत. बसवणाऱ्याच्या तोंडी खात्रीवर थांबू नका, समोर करून दाखवायला सांगा.

जिना रिकामा हवा. रंगाचे डबे, मोडक्या खुर्च्या, गणपतीच्या डेकोरेशनचं सामान, जुन्या फायली, सगळं जिन्याखालीच साठतं. जिन्यात लागलेली आग म्हणजे वाटच बंद, आणि जिना धुराड्यासारखा धूर वर ओढतो. जिन्याचं जाड दार वीट लावून उघडं ठेवलेलं दिसलं तर वीट तिथल्या तिथे काढा. ते दार बंद असतं म्हणून जिन्यात धूर शिरत नाही. बहुमजली इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तुमचा गाळा असेल तर शेजाऱ्याचा माल पॅसेजमध्ये असणारच. सोसायटीला लेखी कळवा, फोटो जोडा, आणि दर महिन्याला पाठपुरावा करा.

स्वच्छतागृहंही नकाशावर दाखवा. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात छतावरच्या रेस्टॉरंटला आग लागली, १४ जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. पाणी आहे, भिंती पक्क्या आहेत, म्हणून घाबरलेलं माणूस तिकडे धावतं. प्रत्येक नव्या माणसाला हे सांगा: बाथरूम आसरा नाही, तिथून पुढे वाट नाही. माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त मरतात. धूर वर चढतो, जमिनीलगत थोडी बरी हवा उरते, म्हणून वाकून, वेळ पडली तर रांगत, भिंतीच्या कडेने जायचं. लिफ्ट अजिबात नाही. वीज गेली की ती मधेच अडकते.

इशारा कोण देणार

याबाबत माझं मत ठाम आहे: आग ज्याला पहिल्यांदा दिसली त्याने, तो कालच लागलेला हेल्पर असला तरी, कुणालाही न विचारता काच फोडून अलार्म वाजवायचा. परवानगीची साखळी ठेवली की हेल्पर सुपरवायझरला शोधतो, सुपरवायझर मॅनेजरला फोन लावतो, मॅनेजर मीटिंगमध्ये असतो. खोटा अलार्म झाला तर पाच मिनिटांचं काम बुडेल, तेवढं बुडू द्या. चुकून वाजवणाऱ्याला कुणी ओरडलं तर पुढच्या वेळी खरी आग दिसूनही कुणी हात लावणार नाही. हे मालकांच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्या, आपण सांगून तेवढा परिणाम होत नाही.

हूटर चालू करून प्रत्येक कोपऱ्यात, सगळी मशीनं सुरू असताना उभे राहा. प्रेस शॉप, कॉम्प्रेसर रूम, पोटमाळा, कोल्ड रूम, गच्चीवरची टाकी, कँटीनचा मागचा भाग. जिथे ऐकू येत नाही तिथे आणखी एक हूटर आणि सोबत लुकलुकणारा लाल दिवा लावा. वीज गेल्यावरही तो बॅटरीवर वाजला पाहिजे. शिफ्टच्या भोंग्याचा आणि आगीचा आवाज वेगळा असू द्या, नाहीतर लोक जेवणाची सुट्टी झाली समजून डबा घ्यायला लॉकरकडे जातात.

सूचना मराठीत लिहा आणि हिंदीतही. तुमच्याकडे ओडिशा, बिहार, बंगालची पोरं असतील तर नुसत्या पाट्यांवर न थांबता चित्रं लावा, आणि त्यांच्यातल्याच एकाला त्यांच्या भाषेत समजावून सांगायला लावा.

कुणाकडे काय

नावं कमी आणि कामं स्पष्ट असू देत. वीस कलमी समित्या कागदावर राहतात. प्रत्येक विभागात एकजण शेवटी निघणारा, जो संडास, स्टोअर, चेंजिंग रूममध्ये डोकावून "कुणी आहे का?" असं ओरडून, दार ओढून घेऊन बाहेर पडेल. दार लावून घ्यायचं, पण कुलूप लावायचं नाही. त्याला दूर जाऊन कुणाला शोधायचं नाही, फक्त वाटेवरच्या खोल्या बघायच्या. बायकांच्या चेंजिंग रूमसाठी बाईच नेमा, नाहीतर पुरुष दारापाशी अडखळतो आणि आतली राहून जाते.

एकजण वीज बघणार. इथे एक बारकावा आहे. मेन स्विच पाडल्यावर आगीचा पंपसुद्धा बंद पडत असेल तर जवान येतील तेव्हा हायड्रंटला, म्हणजे आगीचा पाइप जोडायच्या नळाला, पाणी नसेल. पंपाची वीज वेगळ्या जोडणीवर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पॅनेल उघडून समजून घ्या आणि पंपाच्या स्विचवर ठळक पाटी लावा: 'आगीत हा बंद करू नये'. कँटीनचा गॅस, ऑक्सिजन आणि डीए (वेल्डिंगच्या ॲसिटिलीन गॅसच्या) सिलिंडरचे व्हॉल्व्ह, भट्टी, प्लेटिंगच्या टाक्या, यांपैकी काय निघता निघता चटकन बंद होतं आणि काय सोडून द्यायचं, हे शांत दिवशी ठरवून ठेवा. धुरात उभं राहून ते ठरत नाही.

आग विझवायचं सिलिंडर वापरायचं कुणी आणि कधी, तेही सांगायला हवं. हातातलं छोटं सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामं होतं. कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल, पाठीमागे दार मोकळं असेल आणि सोबत आणखी एक माणूस असेल तरच. एका सिलिंडरमध्ये विझली नाही तर निघायचं.

फोन करणाराही ठरलेला हवा: १०१, किंवा ११२. तुमच्या एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन केंद्र असेल तर त्याचा थेट नंबर गेटच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावा, सोबत रुग्णवाहिकेसाठी १०८. त्याच पाटीवर बोलायचं वाक्य लिहून ठेवा: प्लॉट नंबर, ब्लॉक, जवळची मोठी कंपनी किंवा चौक, काय जळतंय, आत कुणी अडकलंय का. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा प्लॉट नंबर आठवत नाही, हे मी पाहिलं आहे. आणि एकाला मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावर पाठवा. एमआयडीसीतले रस्ते सारखेच दिसतात, बंब चुकीच्या गल्लीत वळला तर मोलाची मिनिटं जातात.

जमायची जागा

आमचं ते झाडाखालचं ठिकाण चुकीचं होतं. गेटमधून बंब आत येणार आणि तिथेच साठ माणसं उभी. जागा गेटपासून बाजूला, ट्रान्सफॉर्मर, काचेची भिंत आणि सिलिंडरच्या कोठीपासून लांब हवी. आवार लहान असेल तर समोरच्या कंपनीच्या पार्किंगची परवानगी लेखी घेऊन ठेवा. बहुतेक जण आनंदाने देतात, त्यांनाही तुमचं आवार कधीतरी लागणार असतं. दुसरी जागा विरुद्ध दिशेलाही ठरवा, कारण वारा कुठून वाहील ते आधी कळत नाही. पावसाळ्यात लोक पाणी चुकवायला पुन्हा शेडखाली सरकतात, तेही लक्षात असू द्या.

तिथे पोचल्यावर सुपरवायझरने डोकी मोजायची आणि आकडा गेटवर कळवायचा. आकडा फळ्याशी जुळला नाही तर कोण नाही आणि शेवटचा कुठे दिसला, एवढंच जवानांना सांगायचं. शोधायला आपल्यातलं कुणी परत जायचं नाही. मोबाइल, पाकीट, गाडीची किल्ली, कशासाठीच नाही. हे सगळ्यांत कठीण आहे, कारण मित्र आत असेल तर माणूस थांबत नाही. म्हणून दोन दणकट, ऐकणारी माणसं फक्त दारावर उभं राहून अडवायला नेमा.

बाहेर पडणं चुकीचं असतं तेव्हा

हूटर वाजला की बाहेर, ही सवय आगीसाठी बरोबर आहे, पण सगळीकडे लागू पडत नाही. भूकंपात हादरे चालू असताना जिन्याकडे धावायचं नाही. भक्कम टेबलाखाली, डोकं झाकून, रॅकपासून दूर थांबायचं आणि हादरे थांबल्यावर निघायचं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी घाईघाईने घरी निघालेली कित्येक माणसं वाटेत, काही तर गाडीत अडकून दगावली. पूर असेल तर वरच्या मजल्यावर थांबवून घेणं, चहा-बिस्किटं आणि पिण्याचं पाणी साठवून ठेवणं, घरी फोन करायला देणं, हीच योजना.

शेजारच्या प्लॉटमधून वायुगळती झाली तर धावण्याआधी वारा बघा. छतावर एक कापडी विंडसॉक लावला की लांबूनही दिशा कळते. गळतीच्या दिशेने किंवा वाऱ्याबरोबर पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि तळघरात साठतो, म्हणून उंच भागाकडे. अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो, त्यामुळे नाका-तोंडावर ओला रुमाल धरला तर थोडा आधार मिळतो. शेजारी काय साठवतात हे त्यांना आजच विचारून या.

कागद

थोडक्यात सांगते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. भाड्याच्या जागेत असाल तर ही जबाबदारी कोण पार पाडणार ते करारात बघा. एजन्सी पंप आणि सिलिंडर तपासते. तुमच्या पोटमाळ्यावर आज किती माणसं आहेत हे ती मोजत नाही.

ड्रिल

पहिलं सांगून करा, तारीख-वेळ आधी कळवा. सवय नसलेल्या माणसांना अचानक पळवलं तर जिन्यात कुणीतरी पडतं. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्या आठवड्यात केंद्रातले जवान प्रात्यक्षिक दाखवायला येतात, आधी पत्र द्या. तुमचं आवार एकदा त्यांच्या नजरेखालून गेलेलं असणं मोलाचं आहे.

दुसरं न सांगता. तिसऱ्यात एका जिन्यावर 'इथे आग आहे' अशी पाटी धरून माणूस उभा करा आणि लोक वळून दुसरीकडे जातात का बघा. एक ड्रिल रात्रपाळीत कराच. रात्री माणसं कमी असतात, साहेब नसतात, किल्ल्या दिवसपाळीच्या खिशात घरी गेलेल्या असतात.

ड्रिलला कंत्राटी माणसं नाखूश असतात. नगावर पैसे मिळत असतील तर पंधरा मिनिटं म्हणजे त्यांच्या खिशातून पैसे जातात. तेवढ्या वेळाची मजुरी भरून द्यायचं मालकांकडून आधी मान्य करून घ्या. आम्ही ते केलं त्या ड्रिलपासून पॅकिंगच्या बायका सगळ्यांत आधी बाहेर येऊ लागल्या.

आणि प्रत्येक वेळी मी एक गोष्ट करते. कुणालाही न सांगता एका माणसाला आत थांबवते, कधी स्टोअरमध्ये, कधी माझ्याच केबिनमध्ये, आणि घड्याळ लावते. गेटवरून "एक कमी आहे, पॅकिंगमधली सुनीता दिसत नाही" असं नाव घेऊन सांगायला किती वेळ लागला, तो आकडा मी रजिस्टरमध्ये लिहिते. पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्यांदा अकरा मिनिटं लागली. गेल्या ड्रिलला तीन. नंतर चहा होतो, आणि चहाच्या वेळी त्या थांबलेल्या माणसाला विचारायचं, आत बसून काय काय ऐकू आलं, कोण दारात डोकावलं आणि कोण नाही.